शालूबाईची पगारवाढ आणि आकारामचं मरण

खोलीचं भाडं म्हणून शालूबाईनं पाटीभर नारळ पुढं केले, तेव्हा घरमालकीण तानाबाई आधी नारळांकडं बघत राहिली आणि मग शालूबाईकडं. चांगले सोललेले, शेंडी राखलेले नारळ होते, नावं ठेवायला जागा नव्हती. तानाबाई म्हणाली, "शालू, मी भाडं मागितलं. पूजा कुटं घातलीया मी?"

"बाजारात इका की. पैसं येतील."

"मंग तूच ईक आनि पैसं आन."

शालूबाईनं तेही करून बघितलं होतं. शनिवार पेठेच्या कोपऱ्यावरचा वाणी तिचे नारळ निम्म्या भावात घ्यायचा आणि वर उपकार केल्यासारखं तोंड करायचा. एका बाईकडं एवढे नारळ कुठून आले म्हणाल, तर शालूबाई बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स होती. ही गोष्ट पंचावन्न-छप्पन सालातली. तेव्हा बाळंतीण सुखरूप घरी निघाली की जाताना नर्सबाईची ओटी भरायची रीत होती. पदरात खण, नारळ, ओंजळभर गहू, हळकुंड, सुपारी. मुलगा झाला आणि घर गुळाच्या व्यापाऱ्याचं असलं तर एखादं लुगडं. मुलगी झाली तर नुसता खण, आणि तोही असा फेकल्यासारखा द्यायचे की जणू शालूबाईनंच मधल्या मधी मुलगा बदलून कुठंतरी लपवून ठेवलाय.

मूळची ती गडमुडशिंगीची, शेतकऱ्याच्या घरातली. लग्न झालं आकारामशी. आकाराम लॉरीवर ड्रायव्हर. गुळाच्या ढेपा भरायचा आणि गगनबावड्याच्या घाटानं खाली कोकणात उतरायचा. असाच एकदा उतरला. लॉरी परत आली, क्लीनर परत आला, रिकामी पोती मोजून परत आली, आकाराम तेवढा आला नाही. क्लीनरला विचारलं तर तो टोपी हातात धरून म्हणाला, "वयनी, तो खालीच ऱ्हायला." का राहिला, कुणाकडं राहिला, हे विचारायची गरज क्लीनरच्या तोंडाकडं बघून उरली नाही.

मग शालू माहेरी, भावाकडं. भाऊ गरीब, पण भावजय धोंडुबाई मोजणारी होती. वाईट नव्हती हो, फक्त मोजायची. शालूनं किती भाकरी खाल्ल्या, किती घागरी आणल्या, किती ओळींतलं तण भांगललं, आणि मग संध्याकाळी ते सगळं दिवाणजीसारखं नवऱ्याला ऐकवायची. दोन सुगी शालूनं ते सोसलं. तिसऱ्या सुगीला खुरपं बांधावर टाकलं, कोल्हापूरचा रस्ता धरला, सरकारी थोरल्या दवाखान्यात नर्सचं काम शिकली आणि डॉक्टर हंबीररावाच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात नोकरीला लागली. परत मुडशिंगीला राहायला जायचं नाही, भावजयीच्या हातची मोजलेली भाकरी खायची नाही, एवढंच तिचं आयुष्यातलं ध्येय होतं. बाकी जग इकडचं तिकडं झालं तरी तिला फरक पडत नव्हता.

आणि नेमकं तेच ध्येय आता गोत्यात आलं होतं. तानाबाईनं भाडं वाढवलं होतं. शेजारच्या खोलीत आलेला तलाठी जास्त देत होता, तिचा तरी काय दोष. "म्हयनाअखेर दे, न्हायतर खोली मोकळी कर," असं ती तोंडावर म्हणाली होती. भावाला कसं कुणास ठाऊक ते कळलं आणि त्यानं निरोप धाडला, "ये की घरला. भांगलनीला बाई मिळंना झालीया." शालूबाईनं निरोप्याला चहासुद्धा विचारला नाही.

डॉक्टर हंबीरराव हा माणूस तसा दिलदार. खासबागेत कुस्ती असली की पुढच्या रांगेत बसणार, जिंकलेल्या पैलवानाला फेटा बांधणार, हरलेल्याला दूध पाजणार. पगार म्हटलं की मात्र त्याच्या कानात दडे बसायचे. शालूबाईला महिन्याचे पस्तीस रुपये. कामाची वेळ काय? यायची वेळ सकाळी आठ. जायची वेळ बाळ ठरवणार. बाळ दुपारी आलं तर दुपारी, पहाटे आलं तर पहाटे, आणि आडवं आलं तर शालूबाई दुसऱ्या दिवशी घरी जायची, तेव्हा तिच्या पायांना पिंढऱ्या आहेत हेच तिला समजायचं नाही.

हे असंच चालायचं असतं अशी तिचीही समजूत होती. ती समजूत मोडली एका सिनेमावाल्यानं.

त्या साली एका स्टुडिओत एका बोलपटाचं चित्रीकरण चाललं होतं. त्यात नायिका बाळंत होते असा प्रसंग होता आणि मागं उभी राहायला नर्स पाहिजे होती. दिग्दर्शक डॉक्टरचा दोस्त, म्हणून डॉक्टरनं शालूबाईला एका सुट्टीच्या दिवशी तिकडं पाठवलं. तिथं तिनं दिवसभर काय केलं? चिंध्यांचं बाळ हातात धरून उभी राहिली. नायिका किंचाळायची, ते थांबवायचे, दिवे हलवायचे, नायिका तोंडाला पावडर लावायची आणि पुन्हा किंचाळायची. शेवटी शालूबाईला राहवेना. ती म्हणाली, "ताई, घशातनं वरडून काय उपेग न्हाय. जोर खाली लावायचा असतोय." तेव्हा सगळा स्टुडिओ गप्प झाला आणि तिलाही गप्प बसायला सांगण्यात आलं.

संध्याकाळी हिशेबनीस आला. त्यानं ठरलेले पैसे दिले, आणि मग आणखी थोडे हातावर ठेवले.

"ह्ये कशाचं?" शालूबाईनं विचारलं.

"उशीर झाला ना तुम्हाला. वरच्या तासांचे वेगळे."

"वरचं तास म्हंजे?"

हिशेबनिसाला वाटलं बाई चेष्टा करते. "ठरलेल्या वेळेच्या पुढं थांबलात, त्याचे," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडं गेला.

शालूबाई रंकाळ्याच्या कडेनं चालत घरी आली आणि सगळी वाट तिचं डोकं तापत गेलं. खरं बाळ धरून रात्र काढली की नारळ, आणि चिंध्यांचं बाळ धरून दिवस काढला की तासावर रोकडे पैसे. आपण इतकी वर्षं काय माती खाल्ली, असं तिनं स्वतःलाच विचारलं. 

पगाराचं बोलायला दिवस तिनं बघून धरला. आदल्या दिवशी डॉक्टरच्या तालमीच्या पोरानं सांगलीच्या पैलवानाला चीत केलं होतं. डॉक्टर पान खाऊन दवाखान्याच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. ओट्यावर नेहमीसारखी बाळंतिणींची माणसं पसरली होती. दारात पैशांची पेटी मांडीशी घेऊन डॉक्टरची म्हातारी आई बसली होती. तिला सगळे आक्का म्हणायचे. दवाखान्याची बिलं तीच घ्यायची, कारण डॉक्टर पैसे घ्यायला बसला की निम्मे माफ करायचा आणि उरलेले तालमीत नेऊन द्यायचा.

"डॉक्टर, माझ्या पगाराचं बोलायचं हाय," शालूबाई म्हणाली.

"का गं? मिळाला न्हाय?"

"मिळाला. पर पुरत न्हाय. मला तासावर धरा. जेवढं तास काम, तेवढं पैसं. जादा थांबले तर जादा."

डॉक्टर मांडीवर थाप मारून हसला. "ही काय गिरणी हाय व्हय? भोंगा लावू?"

"लावा की. बाळास्नीबी कळंल कवा यायचं त्ये."

ओट्यावरची माणसं हसली. डॉक्टरचा चेहरा जरासा उतरला, पण आदल्या दिवशीची कुस्ती अजून अंगात होती. तो समजावणीच्या सुरात आला. "हे बघ शालू. तुझा पगार नुसता पस्तीस न्हाय. तुला ओटी मिळती. लुगडी मिळत्यात, खण मिळत्यात. ते सगळं धरलं तर थोरल्या दवाखान्यातल्या नर्सपेक्षा तुझं उत्पन्न जास्त हाय. मी हिशेब करूनच पगार ठरवलाय."

"मंग असं करा," शालूबाई म्हणाली, "ओटी तुमी घ्या आनि मला रोकडं द्या."

"मी? मी काय बाईमाणूस हाय ओटी घ्यायला?"

"आक्का घेतील."

सगळ्यांनी दाराकडं बघितलं. आक्काचं कपाळ कैक वर्षांपूर्वी पांढरं झालं होतं. विधवेची ओटी कोण भरतंय? आक्कानं पानाचा विडा एका गालातनं दुसऱ्या गालात घेतला. डॉक्टर घाईघाईनं म्हणाला, "काहीतरीच बोलू नकोस. तू सवाष्ण हाईस, देवाच्या दयेनं तुझा नवरा हाय. म्हणून तुला ओटी मिळती. त्यात वाईट काय?"

शालूबाईनं थोडा विचार केला. तिच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं आणि जुळता जुळता तिला त्याचा भयंकर राग येत होता.

"म्हंजे आकाराम हाय म्हनून मी सवाष्ण," ती सावकाश म्हणाली. "मी सवाष्ण म्हनून मला ओटी. आनि ओटी हाय म्हनून तुमी पगार कमी देताय. आसंच न्हवं?"

"तसं समज."

"म्हंजे माझा निम्मा पगार आकाराम देतोय."

आता ओट्यावर हसण्याची लाट उठली. बिद्रीकडचा एक पाटील होता, सुनेचं बाळंतपण व्हायचं होतं म्हणून बसलेला. तो तर खोकायलाच लागला. डॉक्टरही हसला. शालूबाई हसली नाही. आठ वर्षांत ज्यानं एका पोस्टकार्डाचा खर्च केला नव्हता, तो आपला पगार भागवतोय हे तिला नवीनच कळत होतं.

"आनि आकाराम मेला तर?" तिनं विचारलं.

"मेला तर?" डॉक्टरला हसू आवरेना. "मेला तर तुला तासावर पगार देतो की."

"हंबीर, शब्द देऊ नगंस," आक्का दारातनं म्हणाली.

"अगं आक्का, दिला. चारचौघांत दिला. मर्दाचा शब्द हाय. आकाराम मेला तर शालूबाईला तासावर पगार. पाटील, तुम्ही साक्षीला."

पाटील डोळे पुसत म्हणाला, "ऱ्हातो की साक्षीला."

संध्याकाळी शालूबाई खोलीत आरशासमोर बसली. कुंकू पुसलं, मंगळसूत्र काढून काडेपेटीत घातलं, बांगड्या फोडायच्या जिवावर आल्या म्हणून तेल लावून उतरवल्या आणि ठेवून दिल्या. कपाळ गार वाटलं. आकाराम कसाही असो, रोज सकाळी त्याच्या नावानं एक बोट कपाळाला लागत होतं. त्याच्यावर जीव होता का? होता की. लग्नात त्यानं तिला लॉरीच्या पुढच्या सीटवर बसवून जोतिबाला नेलं होतं आणि सगळ्या वाटेनं उगाचच हॉर्न वाजवला होता. ते आठवून तिला स्वतःचाच राग आला आणि तिनं आरसा भिंतीकडं फिरवला.

तानाबाई आत आली आणि दारातच बसली. "आगं खुळे. जित्या माणसाचं कुकू पुसलंस?"

"तो जिता हाय ह्ये तुला कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाय."

"मलाबी कुनी सांगितलं न्हाय. मंग?"

तानाबाईनं आपलं कर्तव्य म्हणून थोडं रडून घेतलं, आणि भाडं महिनाअखेरीला द्यायचं आहे याची जाता जाता आठवण करून दिली.

सकाळी शालूबाई दवाखान्यात आली तेव्हा ओट्यावरची सगळी माणसं तिच्या कपाळाकडं बघायला लागली. दवाखान्यात झाडलोट करणारी आया चिमणाबाई, तिच्या हातातली बादली खाली पडली. बाळंतिणींच्या सासवा, आया, नणंदा पदर तोंडाला लावून पुढं आल्या आणि शालूबाईच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. तिला काही रडू येईना. एकीनं विचारलं, "कसं झालं गं बाय?"

शालूबाई म्हणाली, "हळूहळू."

हे तिनं इतक्या सरळ तोंडानं सांगितलं की बाईला आणखी जोरात रडू कोसळलं.

डॉक्टरनं तिला आत बोलावलं. त्याचा रंग उडाला होता. "शालू, खरंच? कळवलं कुणी? तार आली?"

"मेल्याली मान्सं तार करत्यात व्हय, डॉक्टर?"

"तू हे पगारासाठी केलंस."

"तुमीच म्हनलासा. चारचौघांत."

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. बाळंतपणाचा दवाखाना, आणि त्यात पांढऱ्या कपाळाची नर्स. दोन तासांत त्याचा परिणाम दिसला. एक ठसकेबाज सासू पुढं आली आणि म्हणाली, "माज्या सुनंला ह्या बाईनं हात लावायचा न्हाय." सुनेच्या कळा अगदी टोकाला आल्या होत्या. शालूबाई हात पुसून बाजूला झाली आणि म्हणाली, "बरं. मंग या, तुमीच काढा." सासूनं एकदा सुनेकडं बघितलं, एकदा आपल्या हातांकडं बघितलं आणि ओट्यावर जाऊन बसली. मुलगा झाला. मुलगा झाला म्हणून लुगडं निघालं, आणि ते लुगडं आया चिमणाबाईच्या ओटीत पडलं, कारण चिमणाबाई सवाष्ण होती. तिनं सगळ्या बाळंतपणात एक बादली उचलली होती, तीही सांडली होती.

महिनाभर हेच चाललं. बाळं शालूबाईच्या हातात यायची आणि खण-नारळ चिमणाबाईच्या पदरात जायचे. चिमणाबाईला आधी लाज वाटली, मग तिला सवय झाली, मग ती खणांचे रंग नावडले म्हणून कुरकुरायला लागली. शालूबाईनं दात ओठ खाऊन सगळं बघितलं. आकारामची आठवण काही जात नव्हती, आणि तिच्या जोडीला आता भीतीही बसली होती. डॉक्टरनं शब्द फिरवला तर ओटीही गेली, पगारही गेला, खोलीही गेली. कपाळ तेवढं पांढरं राहील, आणि ते घेऊन भावजयीच्या दारात उभं राहावं लागेल.

पगाराचा दिवस आला. डॉक्टरनं पस्तीसच रुपये पुढं केले.

"आनि तास?" शालूबाईनं विचारलं.

"पुरावा दाखव. आकाराम मेल्याचा पुरावा."

आक्का दारातनं म्हणाली, "हंबीर, पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या पदरात कोन काय घालतंय, ते मला इचार. दे तिचं पैसं."

पण डॉक्टर आता ईर्षेला पेटला होता. सगळी पेठ त्याला हसत होती. तालमीतली पोरंसुद्धा 'भोंगा झाला का डॉक्टर' म्हणून विचारायला लागली होती. त्यानं आपल्या कंपाउंडरला, त्र्यंबकला, बोलावलं. त्र्यंबक हा फार सरळ माणूस. काम सांगितलं की करायचं, कशासाठी ते विचारायचं नाही. डॉक्टरनं त्याला बसचं भाडं दिलं आणि म्हणाला, "गगनबावड्याला जा. घाटातल्या चहाच्या दुकानांत विचार. लॉरीवाला आकाराम हाय का बघ. असला तर सांग, कोल्हापुरात डॉक्टर हंबीरराव बोलावतोय, तुझ्या फायद्याचं काम हाय. आणि घेऊनच ये."

गगनबावड्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. त्र्यंबकची छत्री उलटी झाली, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलं, पण त्यानं आकाराम शोधला. शोधायला काही कष्ट पडलेच नाहीत. घाटाच्या खालच्या तोंडाशी आकारामनं स्वतःचंच चहाचं दुकान थाटलं होतं. चहा करत होती एक बाई, तिच्या मागं तीन पोरं होती, आणि आकाराम गल्ल्यावर बसला होता. फायद्याचं काम म्हटल्याबरोबर तो अंगावर कोट चढवून बसमध्ये येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओटा भरलेला असताना डॉक्टरनं शालूबाईला बाहेर हाक मारली. नातवाला दाखवायला आलेला बिद्रीचा पाटीलही होता. शालूबाई ओल्या हातांनी बाहेर आली. खुर्चीवर आकाराम बसला होता. सुटला होता. पोट पुढं आलं होतं, मिशा काळ्या केल्या होत्या. पण मान तिरकी करून बघायची खोड तीच.

"शाले," तो म्हणाला, "बरी हाईस न्हवं?"

शालूबाई खांबाला धरून उभी राहिली. एवढी वर्षं तो कुठं समोर आलाच तर काय काय बोलायचं हे तिनं पाठ करून ठेवलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना. उलट त्या वेड्या मनाला क्षणभर वाटलं, हा आला. आपल्यासाठी आला.

"घे," डॉक्टर जिंकलेल्या पैलवानासारखा उभा राहिला. "हा बघ तुझा मेलेला नवरा. चांगला खाऊन पिऊन टुणटुणीत हाय. जा, कुंकू लाव आणि ते तासाबिसाचं डोक्यातनं काढून टाक."

शालूबाईनं आकारामकडं नीट बघितलं. त्याला कोटाच्या बाहीशी चाळा करताना बघितलं. डॉक्टरकडं फायद्याचं काम कधी निघतंय याची वाट बघत तो बसला होता. म्हणजे हा आपल्यासाठी आला नव्हता.

"पावणं," ती म्हणाली, "कुनाकडचं आपन?"

ओट्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आगं, मी आकाराम."

"कंचा आकाराम?"

"असं काय करतीस? तुजा दादला न्हवं का मी."

शालूबाईनं हात पदराला पुसले आणि त्याच्यासमोर खाली बसली. आता तिचा आवाज अगदी मऊ झाला होता, आणि ज्यांना ती माहीत होती ते सगळे जरा मागं सरकले. "तसं असंल तर लई बरं झालं. आठ वर्सं मी वाट बगत हुते. खोलीचं भाडं थकलंय, त्ये तुमीच द्यायचं. माजा भाऊबी मुडशिंगीत हाय, त्यो तुमाला भेटायला लई दिवस तळमळतोय. कुऱ्हाड घिऊन येतो म्हनला हुता. आनि दोन बायकांचा नवा कायदा झालाय म्हनं, त्येचंबी फौजदाराला इचारून घिऊ. तवा पावणं, नीट आठवून सांगा. तुमी आकाराम हाय का? घाई न्हाय."

आकारामला मात्र घाई होती. तो खुर्चीवरनं उठलासुद्धा.

"न्हाय बा," तो म्हणाला. "मी त्यो न्हवं. माजं नाव धोंडीराम. कायतरी चुकलंय ह्या कंपाउंडरचं. ह्या बाईला मी जल्मात बघितल्यालं न्हाय."

"अहो, पण बसमध्ये तुम्हीच म्हणालात ना, बायकोला किती वर्षांत पाहिलं नाही म्हणून," त्र्यंबक कळवळून म्हणाला.

"ती दुसऱ्या कुनाची गोष्ट सांगत हुतो."

डॉक्टर तोंड उघडं टाकून उभा होता. पाटील म्हणाला, "डॉक्टर, शब्दाला मी साक्षीला हाय बरं का." आक्कानं पेटीवर थाप मारली. "हंबीर, पावण्यास्नी चा पाज आनि लावून दे. आनि तासाचं काय द्यायचं त्ये सगळ्यांदेकत सांग."

"सहा आणे," डॉक्टर पडेल आवाजात म्हणाला.

"आठ," शालूबाई म्हणाली.

"आठ. पण जादाच्या तासाला. आणि चिमणाबाईची ओटी बंद करा कुणीतरी, ती आता बादली उचलत न्हाय."

आकारामनं चहा घेतला. बशीत ओतून सावकाश, फुंकर मारून घेतला. घाटात परत जायचं बसभाडंही मागून घेतलं आणि ओट्याखाली उतरताना शालूबाईकडं मुळीच बघितलं नाही. ओळख नसलेल्या बाईकडं कशाला बघेल?

शालूबाई आत गेली. मोरीजवळच्या बाकड्यावर, जिथं कात्र्या-चिमटे उकळायला ठेवायचे तिथं बसली, आणि तिला हुंदका आला. महिनाभर दुनिया तिच्या गळ्यात पडून रडत होती तेव्हा एक थेंब आला नव्हता, तो आता थांबेना. आक्का काठी टेकत आत आली आणि तिच्या शेजारी बसली.

"आता काय गं? मिळालं न्हवं तुला?"

"मिळालं, आक्का," शालूबाई म्हणाली. "आठ वर्सं मीच त्येला मेला मेला म्हनत हुते. पर इतक्या चटदिशी मरंल असं वाटलं न्हवतं."

आक्कानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मग शालूबाईच्या पाठीवर हात ठेवला.

"रड," ती म्हणाली. "सावकाश रड. जादाचा तास चालू हाय."